'शिवी नाही सर, इंग्लिश आहे!' : इंग्रजी अपशब्दांचं वजन मुलांना कसं समजवायचं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची पाण्याची बाटली वहीवर सांडली आणि त्याच्या तोंडून इंग्रजीतली 'एफ' अक्षराने सुरू होणारी शिवी सहज बाहेर पडली. वर्गातलं कुणी दचकलं नाही. आम्हीच दचकलो. जवळ बोलावून विचारलं, "बेटा, काय म्हणालास आत्ता?" तो निरागसपणे म्हणाला, "सर, गेममध्ये सगळे म्हणतात. म्हणजे 'अरे यार'."

संध्याकाळी त्याचे अब्बू भेटले. ऑटो चालवतात, सरळ माणूस. त्यांना सांगितलं तर ते आधी हसलेच. म्हणाले, "सर, इंग्लिशच तर बोलला ना. आपल्या जबानमध्ये बोलला असता तर मी थोबाड फोडलं असतं."

आम्ही नांदेडला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्याआधी काही वर्षं लातूरला होतो. दोन्हीकडे हा अनुभव सारखाच आहे. घरात दखनी किंवा मराठी शिवी तोंडातून गेली तर अम्मी तोंडात मिरची घालायची धमकी देते. पण तीच गोष्ट इंग्रजीत आली की पाहुण्यांसमोर कौतुक होतं, "पोरगं फाडफाड इंग्लिश बोलतंय!" हा गैरसमज पुढे महागात पडतो. नांदेडच्या मोहल्ल्यात त्या शब्दाला कुणी विचारणार नाही. पण हाच मुलगा उद्या लातूरच्या होस्टेलवर, पुण्याच्या कंपनीत किंवा आखातात नोकरीला गेला की तिथे त्याचा हिशेब होतो.

पुस्तकात नाही, फोनमध्ये आहे

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पाठ्यपुस्तकात 'थँक यू', 'सॉरी', 'मे आय कम इन' शिकवलं जातं. शिव्या शिकवल्या जात नाहीत, जाऊही नयेत. पण भाषेचा दुसरा अर्धा भाग मुलं आता फोनवर शिकतात: गेममधल्या आवाजी गप्पा, वेब सिरीज, रॅप गाणी, रील्स. तिथे शब्द मिळतो, त्याचं वजन मिळत नाही.

मातृभाषेतली शिवी आपण कशी शिकलो ते आठवा. कुणीतरी ती मोहल्ल्यात दिली, मग भांडण झालं, मोठ्यांनी कान पिळला. शब्दासोबत त्याची शिक्षाही आपण पाहिली. इंग्रजी शिवीसोबत अशी कोणतीच आठवण नसते. म्हणून ती जिभेवर हलकी वाटते.

यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना उपकरण लावून, शब्द ऐकताना त्वचेत होणारा सूक्ष्म बदल मोजला गेला. शिव्यांचा परिणाम दोन्ही भाषांत दिसला, पण तुर्कीत तो जास्त होता. लहानपणी आईवडील ज्या शब्दांत रागावतात, त्या वाक्यांत तर हा फरक ठळक होता. म्हणजे आपल्या मुलाला इंग्रजी शिवी बोचत नाही यात त्याचा बेशरमपणा नाही. परकी भाषा अशीच आत शिरते. पण ऐकणाऱ्याची ती मातृभाषा असेल तर त्याला ती पूर्ण जोराने लागते. बोलणारा आपल्या अंगावरून वजन ठरवतो आणि चूक तिथेच होते.

आधी आपल्या शब्दांवर पारखून बघा

वर्गात आम्ही हे समजावताना इंग्रजीपासून सुरुवात करत नाही. मुलांना विचारतो, 'मेल्या' या मराठी शब्दाचा अर्थ काय? मेलेला माणूस. 'मुडद्या'चा? प्रेत. मग आजी नातवाला "मेल्या, जेवला का नाही अजून?" म्हणते तेव्हा ती त्याचं मरण मागते का? उर्दूत 'कमबख्त' म्हणजे फुटक्या नशिबाचा. पण लाडक्या मैत्रिणीला "कमबख्त, कुठे होतीस इतके दिवस?" म्हटलं तर ती गळ्यात पडते. दखनीत 'पोट्ट्या' हा शब्द नानीच्या तोंडी लाडाचा, अनोळखी माणसाच्या तोंडी अपमानाचा.

आता समजा, एखादा परदेशी माणूस नुसता शब्दकोश घेऊन मराठी शिकला आणि लातूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराला प्रेमाने 'मेल्या' म्हणाला, तर काय होईल? मुलं हसतात. मग आम्ही सांगतो, "इंग्रजीत आपण सध्या तो परदेशी माणूस आहोत."

कोण बोलतोय, कुणाला, कुठे आणि कोणत्या सुरात, या चार गोष्टींशिवाय कुठल्याही शिवीचं वजन ठरत नाही. मातृभाषेत हे आपल्याला न शिकवता कळतं. परक्या भाषेत ते मुद्दाम शिकावं लागतं.

इंग्रजी अपशब्दांच्या पायऱ्या

ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओवर देखरेख करणारी 'ऑफकॉम' नावाची सरकारी संस्था आहे. कोणता शब्द लोकांना किती खटकतो, याची तिने पाहणी करून २०१६ मध्ये यादी प्रसिद्ध केली. शब्दांचे चार दर्जे केले: सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र.

सौम्य गटात 'डॅम', 'क्रॅप', 'ब्लडी' आणि बाईला उद्देशून वापरलेला 'काऊ' असे शब्द आहेत. मध्यम गटात 'बिच' आणि 'सन ऑफ अ बिच'. तीव्र गटात 'बास्टर्ड'. 'एफ'चा शब्द सर्वांत वरच्या, अतितीव्र गटात. आमच्या विद्यार्थ्याने ज्याला 'अरे यार' समजलं, तो शब्द शिडीच्या शेवटच्या पायरीवर आहे. जात, वंश, धर्म यांवरून दिलेल्या शिव्यांचा त्या पाहणीत वेगळा विचार केला आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

या यादीलाच कायदा समजू नये. ती ब्रिटनची आहे, आणि शब्दांचं वजन काळाबरोबरही बदलतं. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकात नायिकेच्या तोंडी 'ब्लडी' शब्द आला तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. आज तोच शब्द तिथे सर्वांत खालच्या पायरीवर आहे. आपल्याकडे मात्र 'ब्लडी' गोऱ्या साहेबाच्या तोंडून, हुकमासोबत आला. म्हणून "यू ब्लडी..." असं कुणी आपल्याला म्हटलं तर ते अजून टोचतं.

'इडियट' आणि 'मोरॉन' हे शब्दही बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे डॉक्टरी शब्द होते. बुद्धीच्या चाचणीत माणूस किती मागे आहे, त्यावरून त्याला यातलं नाव मिळे. 'मोरॉन' शब्द तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी १९१० मध्ये त्यासाठीच तयार केला. आज दोन्ही साध्या चिडण्याचे शब्द झाले, आणि २००९ च्या '३ इडियट्स' सिनेमानंतर आपल्याकडे 'इडियट' तर जवळजवळ लाडाचाच झाला. उलट 'रिटार्ड' हा शब्द वर चढला. गेममध्ये पोरं तो सर्रास वापरतात. पण मतिमंद मुलांच्या पालकांना तो इतका लागतो की अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून सरकारी कायद्यांतून त्या मुळाचा शब्द काढून टाकला.

आपला अंदाज इंग्रजीत का चुकतो?

शेकडो वर्षांपूर्वी इंग्रजीत देवाधर्माच्या नावाने घेतलेल्या खोट्या शपथा आणि शाप हे सर्वांत वाईट बोलणं समजलं जाई. पुढे शरीर आणि लैंगिक गोष्टींवरचे शब्द वर चढले. आज शिकलेल्या समाजात सर्वांत जड शिव्या कोणत्या, तर माणसाच्या वंशावरून, रंगावरून, धर्मावरून, अपंगत्वावरून दिलेल्या.

आपल्याकडे हा क्रम वेगळा आहे. "जहन्नम में जा" हे वाक्य दीनदार घरात फार जड. इंग्रजीतलं "गो टू हेल" चिडूनच म्हणतात, पण "व्हॉट द हेल" हे अनेकांच्या तोंडी नुसतं आश्चर्य असतं. म्हणून इंग्रजी सिनेमात कुणी 'हेल' म्हटलं की मूल घाबरतं, आणि त्याहून कितीतरी वाईट शब्द तसाच तोंडात घेतं.

आणखी एक सवय आम्ही अलीकडे पाहतो. गोळी चुकली की मुलं "जीजस!" म्हणून ओरडतात. हे नाव हजरत ईसा अलैहिस्सलाम यांचं आहे, हे बऱ्याच मुलांच्या ध्यानातही नसतं. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला ते ऐकून वाईट वाटतं, आणि आपल्याही ईमानात त्या पैगंबरांचा आदर आहे. हे एवढंच सांगितलं तरी मुलं लगेच थांबतात. रागवावं लागत नाही.

प्राण्यांच्या नावांत तर मोठाच घोळ आहे. आपल्याकडे 'उल्लू' म्हणजे मूर्ख. इंग्रजी गोष्टींत घुबड शहाणं असतं, 'वाइज' असतं. मराठीत 'गरीब गाय' म्हणजे साधी, सोशीक बाई. इंग्रजीत बाईला 'काऊ' म्हणणं अपमान. आपल्या घरात 'सुअर' हा शब्द हाणामारीपर्यंत नेतो. इंग्रजीत अधाशासारखं खाणाऱ्याला किंवा खोली घाण ठेवणाऱ्या भावाला बहीण 'पिग' म्हणते आणि दोघं हसतात. 'लकी डॉग' म्हणजे नशीबवान. पण कुत्र्याच्या मादीचं नाव माणसासाठी वापरलं की ती शिवी. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं तर दोन्हीकडून फसगत ठरलेली.

क्रिकेटने शिकवलेला धडा

मोठ्या मुलांना आम्ही जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीची गोष्ट सांगतो. त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगवर आरोप झाला की त्याने कर्णधार अनिल कुंबळे आणि महेंद्रसिंह धोनी यांना उद्देशून 'बास्टर्ड' शब्द वापरला. ऑस्ट्रेलियात दोस्तांमध्ये हा शब्द इतका घासला गेला आहे की तिथे 'बिचारा' या अर्थानेही तो चालतो. आपल्या कानाला मात्र तो थेट आईवर आणि जन्मावर येतो. भारताने तक्रार केली, आणि नंतर कुंबळे यांनी ती मागे घेतली.

त्याच सामन्यात उलट बाजूचंही घडलं. हरभजन सिंगने अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप झाला आणि त्याच्यावर तीन कसोटींची बंदी आली. अपिलात भारतीय बाजूने सांगितलं की तो शब्द इंग्रजी नव्हताच, हिंदीतल्या आईवरच्या शिवीची सुरुवात होती आणि ऐकणाऱ्याला ती 'मंकी' वाटली. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशद्वेष सिद्ध होत नाही म्हणून बंदी उठवली, पण अपशब्द वापरल्याबद्दल सामन्याच्या मानधनाचा निम्मा दंड कायम झाला. एका शिवीच्या आरोपातून सुटण्यासाठी दुसरी शिवी कबूल करावी लागली! मुलांना हा भाग फार आवडतो.

पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा. 'माकड' यात एवढं काय आहे? आपण खोडकर पोराला रोज माकड म्हणतो. सायमंड्स कॅरिबियन वंशाचा होता. काळ्या लोकांना गुलाम करणाऱ्यांनी ते माणूसच नाहीत हे ठसवण्यासाठी हा शब्द वापरला, आणि तो इतिहास त्या शब्दाला चिकटून आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर काही प्रेक्षकांनी त्याच सायमंड्सकडे पाहून माकडाचे हावभाव केले होते. त्यातल्या कित्येकांना ती गंमत वाटली असेल. ज्याच्याकडे बघून केली त्याला वाटली नाही. रॅप गाण्यांतला 'एन'ने सुरू होणारा शब्दही याच जातीचा. काळे कलाकार आपसात तो वापरतात, ते त्यांचं त्यांच्यात. आपल्या मुलांनी तो गाण्यातूनही उचलू नये.

जे शब्द आपल्यावर येतात

इंग्रजी शिव्या ओळखायच्या त्या फक्त आपल्या मुलांनी देऊ नयेत म्हणून नाही. कुणी दिल्या तर त्यांना कळाव्यात, म्हणूनसुद्धा.

क्रिकेटच्या दिवसांत आपली पोरं कमेंटमध्ये 'पाकी' लिहितात. त्यांना तो 'पाकिस्तानी'चा छोटा शब्द वाटतो. ब्रिटनमध्ये ती दक्षिण आशियातल्या सगळ्याच लोकांना दिलेली शिवी आहे, भारतीयांनासुद्धा. तो शब्द उच्चारत गोऱ्या टोळक्यांनी रस्त्यांवर माणसं मारली आहेत. ऑफकॉमच्या पाहणीतही तो अतितीव्र ठरला. यॉर्कशायर क्लबचा माजी खेळाडू अझीम रफीक याने २०२० मध्ये उघडपणे सांगितलं की त्याच्याबाबत हा शब्द वापरला गेला. चौकशीत त्याला 'मैत्रीतली थट्टा' ठरवल्याचं पुढे बाहेर आलं तेव्हा देश हादरला. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी अझीमने ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली, आणि २०२३ मध्ये क्लबला चार लाख पौंडांचा दंड झाला, त्यातला तीन लाखांचा भाग स्थगित ठेवला गेला. 'थट्टा होती' हे ठरवण्याचा हक्क थट्टा करणाऱ्याकडे नसतो, हे त्या प्रकरणाने दाखवलं.

दुसरा शब्द कुठल्याच शिव्यांच्या यादीत सापडणार नाही: 'टेररिस्ट'. ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबो कसोटीत दाढी राखणाऱ्या हाशिम आमलाने झेल घेतला आणि समालोचक डीन जोन्स माईक बंद आहे असं समजून बोलून गेले की टेररिस्टने आणखी एक बळी घेतला. जोन्स यांनी माफी मागितली, पण ती नोकरी गेली. गेममध्ये नाव 'मोहम्मद' किंवा 'शेख' दिसलं की हा शब्द आपल्या मुलांवर येतो. लातूरला होस्टेलवर राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, "सर, मी पण हसलो. वाटलं सगळे हसतायत." तो का हसला, हे त्यालाही नंतर रात्री कळलं. अशा वेळी मुलाला दोन गोष्टी ठाऊक हव्यात: हा शब्द गंमत नाही, आणि त्याला शिवीने उत्तर द्यायची गरज नाही. "डोन्ट टॉक टू मी लाइक दॅट" एवढं शांतपणे म्हणावं, समोरच्याला म्यूट करावं, तक्रारीचं बटन दाबावं आणि घरी सांगावं.

कायदा भाषा बघत नाही

आपल्याकडे शिव्या बहुतेक आईबहिणीवरून असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की अशी शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. आम्ही वर्गात विचारलं, "त्या गावात कुणी इंग्रजीत 'मदर' लावून तीच शिवी दिली तर?" सगळी मुलं म्हणाली, "दंड लागायलाच पाहिजे, सर." मग आम्ही म्हटलं, "ठीक. आता आपल्या वर्गात लावू."

कायदा भाषेपेक्षा हेतू आणि परिणाम पाहतो. १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉलेज रोमान्स' या वेब सिरीजच्या खटल्यात म्हटलं की शिवराळ भाषा आहे म्हणून ती अश्लील ठरत नाही. हे वाचून काही मुलं खूश होतात. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की स्त्रीचा विनयभंग करणारे शब्द तोंडीच असायला हवेत असं नाही, ई-मेलमधून लिहिलेलेही त्यात येतात. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ प्रमाणे या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पडद्यावर पात्र बोलतं ते वेगळं, आणि ग्रुपवर वर्गातल्या मुलीला 'बिच' लिहिलं ते वेगळं. अपंग व्यक्तीला लोकांसमोर जाणूनबुजून हिणवलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे.

आखातात जाणाऱ्यांसाठी तर हे फारच गरजेचं. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या सायबर कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे ऑनलाइन शिवीगाळ केल्यास कैद किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो मेसेज व्हॉट्सॲपवर रागाच्या भरात गेला असला तरी. दोन वर्षांची कमाई एका इंग्रजी शब्दात जाऊ शकते, हे व्हिसाच्या कागदांसोबतच मुलांना सांगायला हवं.

अक्षरांत लपलेल्या शिव्या

पालकांनी ही छोटी रूपंही ओळखावीत. 'डब्ल्यूटीएफ', 'एसटीएफयू', 'एलएमएफएओ', 'एएफ' या चारही ठिकाणी मधला 'एफ' तोच शब्द आहे. लातूरला असताना एका मुलाने क्लासच्या ग्रुपवर "परीक्षा पुढे ढकलली" या सरांच्या मेसेजखाली 'डब्ल्यूटीएफ' लिहिलं होतं. त्याला वाटलं, 'वॉव'सारखं काहीतरी आहे. सरांनी त्याच्या वडिलांना बोलावलं. वडील खेड्यावरून एसटीने आले आणि दोघांनाही कळेना की गुन्हा काय झाला. त्या बापाचा उतरलेला चेहरा आम्ही विसरलो नाही. मुलाची चूक एवढीच होती की त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग करायचं काय?

आम्ही वर्गात वापरतो ते इथे देतो, घरीही चालेल.

पहिलं, शब्द कुणावर येतो ते पाहायला शिकवा. "दॅट वॉज अ सिली मिस्टेक" हे चुकीवर आहे. "यू आर स्टुपिड" हे माणसावर आहे. त्यापुढचा शब्द आईवर जातो आणि शेवटचा अख्ख्या कौमवर. जितका पुढे, तितका जड. रागात फक्त पहिल्या पायरीवर बोलायचं. आम्हा शिक्षकांनाही हे लागू आहे. फळ्यापाशी उभं राहून आम्हीसुद्धा 'स्टुपिड' फेकलेलं आहे.

दुसरं, समजणं आणि वापरणं यांत फरक ठेवा. मुलाला शिवीचा अर्थ कळला म्हणून ते बिघडत नाही, न कळता वापरल्याने बिघडतं. मूल अर्थ विचारायला आलं तर थप्पड देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते गूगलला किंवा गल्लीतल्या पोराला विचारेल. "हा घाण शब्द आहे, शरीराबद्दलचा आहे, मोठ्यांपुढे आणि अनोळखी लोकांपुढे चालत नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं.

तिसरं, शब्दकोशातल्या खुणा वाचायला शिकवा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश फोनवर फुकट आहेत. शब्दापुढे 'इन्फॉर्मल' लिहिलं असेल तर दोस्तांत चालेल. 'ऑफेन्सिव्ह' किंवा 'टॅबू' असेल तर लांब राहायचं. आमचा विद्यार्थ्यांसाठी एकच नियम आहे: ज्या शब्दाची खूण पाहिली नाही, तो रागात वापरायचा नाही.

चौथं, रिकाम्या जागी काहीतरी द्या. पाणी सांडलं, बस चुकली, गेम हरला तर तोंडातून काहीतरी निघणारच. 'ओह नो', 'कम ऑन', 'दॅट्स नॉट फेअर' हे सभ्य इंग्रजी आहे आणि मुलाखतीतही चालतं. घरी 'या अल्लाह' आहेच.

पाचवं, इंग्रजी शिवीवर हसू नका. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवायला आणि वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे. ती मनाई फक्त उर्दू किंवा मराठी नावांपुरती आहे, असं कुठल्याही आलिमने सांगितल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही.

त्या सातवीतल्या मुलाला आम्ही शिक्षा केली नाही. शब्दकोश उघडून त्यालाच खूण शोधायला लावली. 'टॅबू' वाचून त्याने विचारलं, "सर, टॅबू म्हणजे?" आम्ही सांगितलं, जे अम्मीसमोर बोलता येत नाही ते. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, मी अम्मीसमोर रोज बोलतो. तिला कळत नाही."

त्याच्या अब्बूंना आम्ही हे वाक्य तसंच सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, त्याचा अर्थ मला पण सांगा. घरी गेल्यावर मला कळायला पाहिजे."